नो इश्यू

उमरखेडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, एका कपड्याच्या दुकानावरच्या माडीवर सत्यशीला अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवायची. चुकीचं इंग्रजी तिच्या कानाला खड्यासारखं लागायचं. कोणी ‘मायसेल्फ अमर’ म्हणत उभा राहिला की ती लगेच हात वर करायची. ‘कझिन ब्रदर’ ऐकलं की खडू फळ्यावर आपटायची. ‘डिस्कस अबाउट’ म्हणणाऱ्याला तर तो ‘अबाउट’ कोणत्या दुकानातून आणला, असं विचारायची. मुलं हसायची आणि हसता हसता शिकायचीही.

वर्गाबाहेरही ही खोड जात नव्हती. लग्नपत्रिका हातात आली की नवरानवरीच्या नावाआधी तिला ‘रिक्वेस्ट फॉर युवर प्रेझेन्स’मधला नको असलेला ‘फॉर’ दिसायचा. तिचा नवरा रजत म्हणायचा, “तुह्यासंग भांडाचं असन तं मराठीतच भांडलेलं बरं.”

रजत गेला त्याला चार वर्षं झाली. पुसदच्या रस्त्यावर गाडीला अपघात झाला. दवाखान्यातून कुणा अनोळखी माणसाचा फोन आला, “मॅडम, पेशंट ऑफ झाले.” ते ऐकल्यावर तिच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की ‘ऑफ’ हा शब्द इथं असा वापरत नाहीत. बाकीचं सगळं त्यानंतर कळलं. ही गोष्ट तिनं आजवर कुणाला सांगितली नव्हती.

मुलगी खुशी तेव्हा पाच वर्षांची होती, आता चौथीत होती. मायलेकी सत्यशीलाच्या मोठ्या भावाच्या, अतुलच्या घरी मागच्या दोन खोल्यांत राहायच्या. अतुलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस मायाळू, पण उतावळा. बहिणीचं पुन्हा लग्न व्हावं असं त्यानं मनावर घेतलं होतं आणि समाजाच्या वधूवर ग्रुपांवर तो रोज डोळा ठेवून असायचा. दोन ठिकाणं तर फोनवरच मोडली होती. मुलगी आहे म्हटलं की समोरचा माणूस ‘कळवतो’ म्हणायचा आणि कळवायचा नाही.

दिवाळीनंतर एक स्थळ आलं. धम्मरत्न नाव, ढाणकीत स्वतःचं फ्लेक्स छपाईचं दुकान, आईवडील नाहीत, एक मोठी बहीण, गावातच राहणारी. त्याच्या माहितीत खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘डिव्होर्सी. नो इश्यू.’

अतुलनं मोबाइल तिच्यासमोर धरला. “पाय. नो इश्यू म्हनते. लेकरू असलं तरी त्याची हरकत नाही. असा मानूस आजकाल भेटते का?”

सत्यशीलानं वाचलं. वरून खाली वाचलं आणि परत त्या दोन शब्दांशी येऊन थांबली. मग म्हणाली, “फोटो बरा आहे.”

अतुलनं तिथंच उभ्या उभ्या उत्तर लिहिलं. बहीण विधवा आहे, एम.ए. आहे, इंग्रजी शिकवते. शेवटी लिहिलं, ‘नो इश्यू फ्रॉम अवर साइड ऑल्सो.’ पाठवण्याआधी त्यानं तिला दाखवलं. इंग्रजीत काही पाठवायचं असलं की तो नेहमी दाखवायचा.

“ऑल्सो नाही येत तिथं,” ती म्हणाली. “वाक्यात ‘नो’ आहे ना? मंग ‘आयदर’ लिही.”

त्यानं ‘ऑल्सो’ पुसलं, ‘आयदर’ लिहिलं आणि संदेश पाठवून दिला.

ढाणकीची मंडळी रविवारी यायची ठरली. शनिवारी संध्याकाळी वहिनी पोहे निवडता निवडता म्हणाली, “खुशीले उद्या दुपारी सोनूकडे पाठवा थोडा वेळ. पयलीच भेट आहे. मोठी मान्सं मोकळी बोलतीन.” सोनू खुशीची मैत्रीण, दोन घरं सोडून राहायची. सत्यशीला त्यावर हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. रविवारी दुपारी तिनं खुशीचे केस विंचरले, तिला नवा फ्रॉक घातला आणि सोनूकडे पाठवलं. खुशीनं विचारलं, “सोनूकडे जायले नवा फ्रॉक काहून?” सत्यशीला म्हणाली, “असाच.”

धम्मरत्न बहिणीला घेऊन आला. बहिणीचं नाव उर्वशी. अंगानं भरलेली, बोलायला मोकळी, घरात आल्याबरोबर कूलरच्या वायरपासून कुंडीतल्या तुळशीपर्यंत सगळ्यांची चौकशी करणारी. तिनंच या भावाला लहानाचं मोठं केलं होतं. धम्मरत्न मात्र कमी बोलणारा होता. त्याच्या नखांच्या कडांना निळी शाई होती, घासूनही न गेलेली. सत्यशीलाला ते पाहून बरं वाटलं.

पोहे झाले, चहा आला. उर्वशी म्हणाली, “आमच्या धम्मूचा काही त्रास नाही पाहा. खानं, पिनं, कशाचाच नाही. पयलीचं जमलं नाही, तिचं नशीब. आता घरात दोन लेकरं खेळावं, एवढीच माही इच्छा.”

सत्यशीलाच्या हातातला कप बशीत जरा जोरानं टेकला. दोन लेकरं म्हणजे खुशीला धरून की खुशीला सोडून, हे विचारायची ती वेळ होती. तिनं विचारलं नाही.

तेवढ्यात दार वाजलं आणि खुशी आत आली. सोनूच्या घरचे बाजाराला निघाले होते, म्हणून ती परत आली होती. चपला काढता काढता तिनं पाहुण्यांकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि पोह्यांच्या ताटाजवळ जाऊन बसली.

“हे कोनाची?” उर्वशीनं कौतुकानं विचारलं.

“आमचीच आहे,” अतुल पटकन म्हणाला.

घरात अतुलचीही दोन मुलं होती. ‘आमचीच’ या शब्दात खुशी सहज मावून गेली असती. वहिनीनं मान खाली घातली. खुशीनं मामाकडे पाहिलं, मग आईकडे.

“माही मुलगी आहे,” सत्यशीला म्हणाली. “खुशी.”

उर्वशीचा चेहरा हळूहळू बदलला. “मुलगी? तुमी तं नो इश्यू लिहिलं होतं.”

“तुमीच लिहिलं ना आधी!” अतुल म्हणाला. “नो इश्यू. आमाले वाटलं, लेकराची हरकत नाही म्हनता तुमी.”

“हरकत? अवो, नो इश्यू म्हनजे लेकरू नाही त्याले! अन् तुमी म्हनलं, आमच्याकडूनही नाही. आता हे काय?”

“म्हनजे आमी खोटं बोललो?”

“मंग कोन बोललं?”

आवाज चढत गेले. धम्मरत्न हलकेच म्हणाला, “ताई, थांब. कोर्टाच्या कागदावर तसंच लिवते. इश्यू म्हनजे लेकरू.” मग सत्यशीलाकडे वळून त्यानं विचारलं, “मॅडम, तुमाले तं माहीत असन. बरोबर काय आहे?”

सगळे तिच्याकडे पाहू लागले. असं विचारलं की वर्गात ती खडू उचलायची. आज हातात काही नव्हतं.

“दोन्ही बरोबर आहेत,” ती म्हणाली. “इश्यू म्हणजे अडचण. अन् इश्यू म्हणजे अपत्य. जुना अर्थ आहे, कागदोपत्री चालतो.”

“म्हनजे गैरसमज झाला!” अतुल सुटल्यासारखा म्हणाला. “दोघांचाबी दोष नाही.”

तिथंच ते मिटलं असतं. पण खुशी ऐकत होती, आणि तिच्यासमोर सत्यशीलाला आणखी एक आडोसा घेववला नाही.

“दादा, मले दोन्ही अर्थ माहीत होते,” ती म्हणाली.

उर्वशी उठली, पिशवी घेतली. “चाल धम्मू.” धम्मरत्न क्षणभर बसून राहिला, मग तोही उठला. दारात त्यानं मागं वळून ‘जय भीम’ केला. फक्त वहिनीनं उत्तर दिलं.

संध्याकाळी खुशी उरलेले पोहे वाटीत घेऊन मागच्या पायरीवर बसली होती. सत्यशीला तिच्याजवळ जाऊन बसली.

“आई, आमचे सर चिडले का म्हनते, व्हॉट इज युवर इश्यू. तसंच ना?”

“त्याचा अजून एक अर्थ आहे. मूल.”

“म्हणजे मामानं त्याइले लिहिलं, मी नाही म्हणून?”

“तसं लिहायचं नव्हतं त्याला.”

“पण तसं झालं.”

“हो.”

“तू वाचलं होतं?”

सत्यशीलाला वाटलं, आता नाही म्हणणं किती सोपं आहे. “वाचलं होतं,” ती म्हणाली. “दुरुस्तही केलं होतं.”

“काय दुरुस्त केलं?”

“व्याकरण.”

खुशीनं वाटी खाली ठेवली आणि ती आत निघून गेली. पुढचे काही दिवस ती आईशी कामापुरतंच बोलायची. वेणी घालून दे, सही कर, पाणी भर. रडणं-रुसणं असतं तर सत्यशीलानं समजूत काढली असती. हे शहाण्यासारखं गप्प राहणं तिला सोसवेना. लेक शाळेत गेली की ती खोलीत एकटी बसून पुन्हा पुन्हा तेच आठवायची. त्या दोन शब्दांवर आपण थांबलो होतो. दोन अर्थ दिसले होते. त्यातला पाहिजे तो घेतला, आणि दुसरा आहे हे माहीत असून त्याला हाक मारली नाही. मुलं चुकतात ती न कळून चुकतात. आपल्याला तर सगळं कळत होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी क्लास सुटला आणि ती खाली उतरली, तर समोर स्कूटरवर फ्लेक्सच्या गुंडाळ्या बांधलेला धम्मरत्न उभा होता. शहरात कुणाचा तरी सत्कार होता, त्याचे बॅनर पोचवायला तो आला होता.

“दोन मिनटं बोलाचं होतं,” तो म्हणाला. “ताईले सांगून नाही आलो.”

दोघं शेजारच्या रसवंतीत जाऊन बसले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. एका गुंडाळीचं टोक सुटून बाहेर आलं होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘हार्टली वेलकम’ दिसत होतं. सत्यशीलाची नजर तिथं गेली, आणि त्यानं ते पाहिलं.

“चुकलं ना?” तो हसून म्हणाला. “मले माहीत आहे. गिऱ्हाईक लिहून देते तसंच छापा लागते. एकदा मी एकाचं सुधरवून छापलं, तं त्यानं परत छापाले लावलं. म्हने, आमच्या गावात असंच लिवते.”

ती हसली. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच.

रसाचे ग्लास आले. त्यानं ग्लास हातात धरला, पण प्यायला नाही.

“आमचा घटस्फोट दोघाइच्या मर्जीनं झाला. वकिलानं कागद वाचून दाखवला. त्यात होतं, नो इश्यू. मले वाटलं, भांडन नाही असं लिवलं. मी म्हटलं, बरोबर आहे साहेब, आमचं भांडन नव्हतंच. वकील हसला अन् मंग त्यानं अर्थ सांगतला. तेव्हापासून तो शब्द माह्या डोक्यातच बसला. माहिती लिहाची होती तं तोच लिहिला. मराठीत लिहाची हिंमत नाही झाली.”

“मराठीत काय लिहिलं असतं?”

त्यानं हातातला ग्लास बाकावर ठेवला.

“मले लेकरू होनार नाही. डॉक्टरनं सांगतलं आहे. दोष माह्यात आहे, पयल्या बायकोत नव्हता. ताईले हे माहीत नाही. तिले वाटते, तिच्यातच होता. मी तिले तसं वाटू देल्लं.”

“अन् त्या बाईनं?”

“तिनं कोनाले काही नाही सांगतलं. जातानी एवढंच म्हनली, तुमीच सांगा कधीतरी.”

यंत्राचं घुंगरू वाजत होतं. सत्यशीलाला त्याचा राग आला आणि लगेच जाणवलं, की राग करायचा आपल्याला फारसा हक्क नाही. दोन माणसांनी दोन टोकांनी एकच शब्द ओढून अंगावर घेतला होता. एकानं स्वतःचा दोष झाकला होता, दुसरीनं लेक.

“हे मला कायले सांगता?” तिनं विचारलं.

“त्या दिवशी तुमी म्हनलं, मले दोन्ही अर्थ माहीत होते. कोनी विचारलंही नव्हतं. मी घरी गेलो, पन ते डोक्यातून गेलं नाही. मले वाटलं, आपूनही कोनाले तरी खरं सांगा लागते.” मग तो अडखळत म्हणाला, “अन् तुमची हरकत नसन तं... खुशीची मले काही अडचन नाही. उलट—”

“थांबा,” सत्यशीला म्हणाली. “उलट नका म्हणू. तुम्हाला मूल नाही अन् मला आहे, म्हणून बरोबर जुळलं, असं नाही ते. माही लेक कोणाची रिकामी जागा भरायला नाही.”

त्यानं मान हलवली. “बरोबर आहे. तसं म्हनाचं नव्हतं. पन निघालं तसंच तोंडातून.”

“पहिले ताईंना सांगा. त्या बाईच्या माथ्यावरचं उतरवा. मंग या. अन् आले तं खुशीशी बोला. ती नाही म्हणाली तं मी विषय वाढवणार नाही.”

त्यानं तेव्हा रस पिऊन टाकला आणि स्कूटर काढून बॅनर पोचवायला निघून गेला.

घरी आल्यावर सत्यशीलानं अतुलला सगळं सांगितलं नाही. जे दुसऱ्याचं होतं ते स्वतःजवळ ठेवलं. पण आपली माहिती तिनं नव्यानं मराठीत लिहिली आणि अतुलच्या हातात दिली. ‘मला एक मुलगी आहे. नाव खुशी. ती माझ्यासोबत राहील.’ यापुढं कुणालाही पाठवायचं तर हेच पाठवायचं, असं बजावलं. अतुल म्हणाला, “असं लिहिलं तं कोन येईन?” ती म्हणाली, “जो येईन तो वाचून येईन.” पाठवण्याआधी तिनं तो कागद खुशीला वाचायला दिला. खुशीनं वाचला, पेन्सिल घेतली आणि ‘माझ्यासोबत’च्या आधी एक शब्द घातला. ‘नेहमी.’ त्या रात्री ती नेहमीसारखी आईच्या कुशीत येऊन झोपली.

पुढं बरेच दिवस ढाणकीकडून काही आलं नाही. तुरी कापणीला आल्या. सत्यशीलानं ते स्थळ मनातून जवळजवळ काढून टाकलं होतं.

मग एका रविवारी धम्मरत्न आला, एकटाच. त्यानं बहिणीला सांगितलं होतं. ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. मग पहिल्या भावजयीचा नंबर मागून घेऊन तिनं आतल्या खोलीतून फोन केला होता. काय बोलणं झालं ते त्यालाही माहीत नव्हतं. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते, एवढंच.

सत्यशीलानं खुशीला बोलावलं. खुशी त्याच्यासमोर खुर्चीवर ताठ बसली.

“तुमी त्या दिवशी मले पाहून काहून उठून गेलते?”

धम्मरत्ननं उत्तर तयार करून आणलं नव्हतं हे दिसत होतं. “ताई उठली म्हनून उठलो,” तो म्हणाला. “उठाले नाही पायजे होतं.”

“मंग आता ताई परत उठली तं?”

“तं मी बसून राहीन.”

खुशीनं त्याच्या हातांकडे पाहिलं. “तुमच्या नखाले शाई आहे.”

“जात नाही. लय घासलं.”

“खोबरेल तेल लावा. आमी रांगोळीचा रंग तसाच काढतो.”

एवढंच बोलून ती खेळायला पळाली. तो पुन्हा आला, मग आणखी आला. खुशीनं त्याला ‘काका’ म्हणायचं ठरवलं आणि पुढंही काकाच म्हणणार असं सांगून टाकलं. त्यानं ते मान्य केलं. होकार कुणी कोणत्या दिवशी दिला हे नंतर नीट सांगता येणार नाही. पण फेब्रुवारी संपेपर्यंत उन्हाळ्याच्या सुट्टीत, गावातल्या विहारात, थोडक्या माणसांत लग्न करायचं नक्की झालं होतं.

फक्त उर्वशीचा काही निरोप नव्हता. ती लग्नाला येणार की नाही, हे धम्मरत्नलाही सांगता येत नव्हतं.

मार्चमधल्या एका दुपारी सत्यशीला पेपर तपासत होती, तेव्हा फोन वाजला.

“उर्वशी बोलून राह्यली, ढाणकीवरून.” आवाजात पहिल्या दिवसाची मोकळीक नव्हती. “मी त्या दिवशी तुमाले खोटं बोलनारी म्हनलं.”

“मी खरंही सांगितलं नव्हतं, ताई.”

“मले राग तुमचा कमी होता. मले वाटलं होतं, माह्या धम्मूचं लेकरू हातात घेईन. ते मनातून जायले वेळ लागला. अजून थोडं आहे. खोटं कायले सांगू?”

“राहू द्या. घाई नाही.”

“पाडव्याले तुमी तिघं जेवाले या म्हटलं घरी.” उर्वशीनं घसा खाकरला. “पोरीले काय आवडते खायले? मी पुरनपोळी करनार आहे, पन आजकालचे लेकरं ते खात नाही म्हनतात. अजून काय करू तिच्यासाठी?”

सत्यशीलाच्या तोंडात उत्तर आलं होतं. ते तिनं तिथंच ठेवलं आणि अंगणात दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या लेकीला हाक मारली.

“खुशी, ढाणकीच्या आत्याचा फोन आहे. तुलेच काही विचारून राह्यल्या. ये, तूच सांग.”